विकून मोकळा होणारा माणूस

सातारच्या औद्योगिक वसाहतीत डिझेल इंजिनाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे. १९७७ च्या उन्हाळ्यात त्याचे शेअर लोकांना विकायला निघाले, तेव्हा मुंबईच्या एका बँकेकडून त्या कामावर जो माणूस आला, तो माझा धाकटा भाऊ मानसिंग. त्याची हकीकत लिहायचं कारण घरातलंच आहे. माझी मुलगी विजयमाला यंदा एम. कॉम. झाली आणि तिला मुंबईत दोन जागा चालून आल्या आहेत. एक मानसिंग काम करतो तशा विभागात, आणि दुसरी लोकांचे पैसे एकत्र करून गुंतवणाऱ्या एका संस्थेत. तिच्या वडिलांना दोन्ही सारख्याच वाटतात. दोन्हीकडे खुर्ची, दोन्हीकडे पैशाचं काम, पगारात थोडाफार फरक. मला त्या सारख्या वाटत नाहीत. का वाटत नाहीत, हे नुसतं सांगून पटत नाही. त्यासाठी मानसिंगकडेच वळावं लागतं.

आमचं माहेर कडेगावजवळचं. वडील लालासाहेब, आमचे आबा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. विहिरीवर थोडा ऊस, बाकी ज्वारी. मानसिंग लहानपणापासून बोलण्यात पटाईत. अकरावीत असताना विट्याच्या जनावरांच्या बाजारात जाऊन तो हेडींच्या मागे उभा राहायचा. हेडी म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभा राहून सौदा जमवणारा माणूस. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, तोंडाने कुणी आकडा बोलत नाही. एकदा आबांचा एक बैल खपत नव्हता. मानसिंगनं घेणाऱ्याला बैलाची चाल दाखवली, आबांना घेणाऱ्याची विहीर किती खोल आहे, म्हणजे त्याला बैलाची किती नड आहे, ते सांगितलं आणि दोघांचे हात एका रुमालाखाली आणून दिले. बैल गेला. पुढं तो बैल कसा आहे, औताला चालतो का, हे मानसिंगनं कधी विचारलं नाही. आई मात्र बरेच दिवस विचारत होती.

सांगलीला कॉलेजात त्याच्या खोलीत सोपान खरात होता. सोपान माण तालुक्यातला, दहिवडीच्या पलीकडचा. त्याचे वडील केरू मुंबईच्या गोदीत माल चढवायचे. घराणं छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. सांगलीत तेव्हा त्याला खोली मिळेना. गावाचं नाव विचारून झालं की घरमालक आडनाव विचारत, आणि मग खोली कालच दिली म्हणत. मानसिंगनं एका संध्याकाळी हे काम केलं. खोली आपल्या नावावर घेतली, घरमालकाच्या मुलाला गणित शिकवायचं कबूल केलं आणि ते गणित शिकवायला सोपानला पाठवलं. महिन्याभरानं घरमालकीण सोपानसाठी कालवण झाकून ठेवू लागली. मानसिंग तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीच्या खटपटीत होता.

सोपानचं वळण निराळं. सुट्टी लागली की मुलं आपापल्या सायकली, स्टोव्ह, कंदील त्याच्याकडे ठेवून जात, कारण तो भाड्यापायी गावाला जात नसे. परत येऊन बघावं तर सायकलीच्या साखळीला तेल घातलेलं असायचं. कुणी सांगितलेलं नसायचं.

दोघेही पैशाच्या नोकऱ्यांत गेले. मानसिंग बँकेत अधिकारी झाला आणि पुढं मुंबईला त्यांच्या नव्या मर्चंट बँकिंग विभागात त्याची निवड झाली. सोपान लोकांना युनिट विकून ते पैसे गुंतवणाऱ्या संस्थेत लागला. दोघांची कामं मला कळली ती अशी. एखाद्या कारखान्याला भांडवल हवं असलं की तो मानसिंगच्या विभागाकडे जातो. मानसिंग त्यांची कागदपत्रं तयार करतो, सरकारची परवानगी आणतो, शेअर लोकांनी घेतले नाहीत तर आम्ही घेऊ अशी हमी मोठ्या संस्थांकडून मिळवतो, गावोगावच्या दलालांना गाठतो आणि शेवटी विक्री पुरी करतो. विक्री बंद झाली की त्याचं मुख्य काम संपलं. त्याची फी कारखाना देतो. सोपानचं काम तिथून पुढं सुरू होतं. शिक्षक, कारकून, पेन्शनर अशा हजारो लोकांनी संस्थेकडे दिलेले पैसे कोणत्या शेअरांत घालायचे, कधी काढून घ्यायचे, हे तो बघतो. कारखान्यात जाऊन फिरतो, ताळेबंद वाचतो, आणि घेतलेली वस्तू वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर ठेवतो. त्याला पगार मिळतो तो त्या लोकांच्या पैशांतून.

मानसिंगला सोपानचं काम कंटाळवाणं वाटायचं. "तू म्हंजे दुसऱ्यांच्या लेकींच्या सासरी जाऊन चुलीत डोकावणारा माणूस," तो म्हणायचा.

"आन् तू लग्नं लावत फिरतोस. पंगत उठली की तुझी गाडी सुटली," सोपान म्हणायचा.

हे सगळं हसण्यावारी चालायचं. सत्त्याहत्तरच्या मे महिन्यापर्यंत त्यात हसण्यापलीकडे काही नव्हतंही.

त्या महिन्यात मी माहेरी होते. कारखान्याच्या शेअरांची विक्री सुरू व्हायची होती आणि मानसिंग साताऱ्याला मुक्काम टाकून आसपास फिरत होता. मुंबईत मागणी बरी होती, पण कारखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या लोकांनीही घ्यावेत, अशी कारखानदाराची इच्छा होती. आबांनी निरोप पाठवला, गावातही ये. आमच्या गावात घराआड एक फौजी. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम, उसाचे राहिलेले पैसे, असं काही ना काही बऱ्याच जणांकडे होतं. आबांनी त्यांना ओसरीवर बोलावलं.

निवृत्त नाईक गुंडा सगळ्यांत पुढं बसला होता. त्याला गप्प बसता येत नाही.

"आवं सुभेदारसाब, ह्या कागदाला वैरणपाणी काय लागतंय?"

"काय लागत न्हाई. वर्साला एक कोकरू देतंय, बस."

"आन् आजारी पडलं तर?"

"तर तुज्यासारखं दवाखान्यात जातंय, फुकट," आबा म्हणाले, आणि ओसरी हसली.

"पर राखायचं कुणी? ज्ञानू राखतोय व्हय?"

ज्ञानू धनगर भिंतीला टेकून बसला होता. आमच्याकडे गावातल्या पुष्कळांच्या दोन-चार शेळ्या-मेंढ्या त्याच्या कळपात असतात. अर्धलीनं, म्हणजे पिल्लं होतील त्यातली निम्मी त्याची, निम्मी मालकाची. मालक वर्षभर तिकडे बघतही नाही. मेंढरू आजारी पडलं, विकायची वेळ आली, की ज्ञानू स्वतः येऊन सांगतो. ज्ञानू म्हणाला, "मला नगा लावू ह्या भानगडीत. माजी बकरी खात्याली कागुद." पुन्हा सगळे हसले.

"राखायला मानसिंग हाय की," आबा म्हणाले.

मानसिंग खाली मान घालून भरलेले अर्ज बघत होता. कुणाची सही चुकीच्या जागी, कुणाचा अंगठा पुसट. आबांनी नाव घेतलं तेव्हा त्यानं वर पाहिलं, हसला आणि मान हलवून पुढचा अर्ज घेतला. ओसरीवरच्या माणसांना तेवढं पुरलं. त्यांच्या हिशेबी सौदा झाला होता. गुंडानं तर जाहीरही करून टाकलं, "कोकरं निम्मी तुजी रं मानसिंगराव. फुकट न्हाई राबवत आमी." मानसिंग म्हणाला, "तुमीच खावा समदी." हा नकार होता. त्यांना तो मोठेपणा वाटला.

हरणाबाई सगळ्यांत शेवटी आली. तिचा नवरा आमच्या भावकीतला, एकाहत्तरच्या लढाईत गेला. सरकारकडून मिळालेली रक्कम तिनं हात न लावता ठेवली होती.

"मानसिंगा, पोरीला मिरजंला नर्सचं शिकवायचंय. वर्स-दीड वर्सानी लागत्याल. तवर ऱ्हाऊ दे तुज्यापाशी."

"काकी, माज्यापाशी न्हाई. कंपनीपाशी."

"त्येच की," ती म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

शेअरांचे कागद पुढं पोस्टानं आले ते सगळे आबांच्या पत्त्यावर. गावानं एकच पत्ता घातला होता. आबांनी ते पलटणीच्या काळ्या ट्रंकेत ठेवून दिले.

विक्रीच्या शेवटच्या दिवशी मी साताऱ्याला सासरी परतले होते आणि मानसिंग आमच्या घरी होता. टपाल कचेरीत जाऊन मुंबईला ट्रंक कॉल, बँकेत जाऊन अर्जांची मोजणी, परत ट्रंक कॉल. दुपारी जेवला नाही. संध्याकाळी आकडा पुरा झाल्याचं कळलं, तेव्हा तो घराच्या पायरीवर बसून दोन वेळचं जेवला आणि जेवता जेवता मला मिरजेच्या एका कारखान्याविषयी सांगू लागला, ज्याला पुढच्या वर्षी भांडवल लागणार होतं. इतक्या आनंदात मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो आणि सोपान दोघेही आमच्याकडे जेवायला होते. मानसिंग त्या मिरजेच्या कामावर निघाला होता. सोपान साताऱ्याचा कारखाना बघायला आला होता. त्याच्या संस्थेनं ते शेअर घ्यावेत का, हे त्याला ठरवायचं होतं. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, खर्डा. विजयमाला वाढत होती.

"तुझा कारखाना बघून आलो," सोपान म्हणाला.

"माझा कसला? माझा उन्हाळ्यात संपला."

"मागच्या आवारात माल रचून ठेवलाय. पावसात गंजलाय. सगळा माल घेणारं गिऱ्हाईक एकच, आन् ते पुढच्या वर्षी स्वतःचे भाग स्वतः बनवणार."

"ते आम्ही विक्रीच्या पत्रकात छापलंय."

"छापलंय की. इंग्रजीत, बारीक. आबांनी वाचलं?"

मानसिंगनं भाकरीवर खर्डा घेतला.

"आज भाव चौदा आहे," सोपान म्हणाला. "दहाला घेतलेत त्यांनी. मी आमच्या संस्थेसाठी घेणार नाही. तू गावात सांग, विका म्हणावं."

मानसिंगनं हातातला घास ताटात ठेवला. "मी सांगू? उन्हाळ्यात घ्या म्हणून मीच उभा होतो. कंपनीचं काम अजून आमच्या विभागाकडे आहे, त्यांच्या बैठकीला बसतो मी. तिथं कानावर पडलेलं घेऊन घरच्यांना सावध करू? बाजारात कळलं तर उद्या कोणता कारखाना आमच्या बँकेला काम देईल?"

"मग मी सांगतो."

"तू सांगितलंस तरी ते मलाच विचारणार. सोपान काय म्हणतोय, खरं का? मी काय सांगू? हो म्हणलं तरी फसलो, नाही म्हणलं तरी फसलो."

"पण राखायचं तू कबूल केलंयस म्हणे."

"मी कवा?" मानसिंगची मुंबईची भाषा एकदम गळून पडली. "कोण म्हणतंय?"

मी ओसरीवरचा प्रसंग सांगितला. आबांनी नाव घेतलं, तू मान हलवलीस.

"आक्का, मी अर्ज तपासत होतो गं."

"ते त्यांना काय माहीत," मी म्हणाले.

सोपान म्हणाला, "मान्या, माझ्या जागी असतास तर तुला सांगावंच लागलं असतं. नाही सांगितलंस तर गुन्हा. तुझ्या जागी सांगितलंस तर गुन्हा. एवढाच फरक आहे बघ आपल्यात." तो हे टोमणा म्हणून बोलला नव्हता. पण मानसिंग पाणी पिऊन उठला, आणि बसला अजून वेळ असताना स्टँडवर निघून गेला.

त्यानं गावात काही कळवलं नाही. सोपानलाही त्यानं जाऊ दिलं नाही. गप्प राहणं मानसिंगच्या नोकरीच्या नियमात बसत होतं. इकडे गावात त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ असा झाला की मेंढरं ठीक आहेत. ठीक नसती तर राखणारा आलाच असता.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्या मोठ्या गिऱ्हाइकानं माल घेणं थांबवलं. कारखान्यात काही दिवस संप झाला. भाव घसरत सहावर आला आणि त्या वर्षी लाभांश मिळाला नाही. गावात ही बातमी एका ट्रक ड्रायव्हरनं आणली, तो त्या कारखान्याचा माल न्यायचा. हरणाबाईच्या मुलीला मिरजेच्या दवाखान्यात प्रवेश मिळाल्याचं पत्र त्याच सुमारास आलं.

आबा एक दिवस न कळवता साताऱ्याला आले. पाणी घेतलं, खुर्चीवर न बसता जाजमावर बसले.

"माज्या शब्दावर दिलं लोकांनी. आता पारावरनं जायाची चोरी झालीया. हरणाबाई काय बोलत न्हाई, नुसती बगती. तुज्या भावानं राखलं काय?"

"आबा, त्याचं काम राखायचं नाहीच."

"मंग कसलं काम हाय त्येचं?"

मी जमेल तसं सांगितलं. कारखानदाराला पैसे हवेत, लोकांकडे पैसे आहेत. मानसिंग दोघांची गाठ घालून देतो. फी कारखान्याकडून. नंतरचं त्याच्याकडे नसतं.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजी हेडी."

"साधारण तसंच."

"मंग हेडी हाय म्हणायचं की. हेडीला कोण बैल सांबाळ म्हणतंय? त्येचा मान निराळा, ज्ञानूचा निराळा. आमी हेडीला ज्ञानू समजून बसलो, आन् त्यो तसाच बसून ऱ्हायला." थोड्या वेळानं म्हणाले, "त्येला गावात येऊन बोलाय पायजे. न्हाय आला तर पुन्यांदा येऊ नगं म्हणावं."

मी मानसिंगला ट्रंक कॉल लावला आणि आबांचे शब्द तसेच सांगितले.  मग तो म्हणाला, "ऑफिसातले म्हणतात, काही बोलू नकोस. बोललास तर जबाबदारी अंगावर येईल." मी म्हणाले, "ते ऑफिसातल्यांचं गाव नाही." एवढ्यात तीन मिनिटं झाली आणि फोन तुटला.

तो आला. श्रावण होता, ओसरीवर बाहेरच्या पावसाची ओल आली होती. माणसं तीच होती, पण पुढं कुणी बसलं नव्हतं. मानसिंग उभा राहून बोलला.

"दिवाळीत भाव चौदा हुता. पुडं पडणार ह्याचा अंदाज मला हुता. विका म्हणून मला सांगता येत नव्हतं. मी त्या कंपनीचा माणूस हुतो. तुमचा नव्हतो."

कुणीतरी खाकरलं. गुंडा नाईकानं चष्मा काढून धोतरानं पुसला. आज त्याला विनोद सुचला नाही.

"आमचा नव्हतास, तर आमच्या दारात अर्ज घिऊन कशापायी आलतास?"

"त्येच माजं काम हाय."

"लय चांगलं काम हाय," गुंडा म्हणाला. "पगार बरा असंल."

"बरा हाय."

"मंग आमी इचारायचं कुणाला?"

"सोपानला. त्यो ह्येच काम करतोय. पुडच्या ऐतवारी घिऊन येतो."

आबा एकदाच बोलले. "बस खाली," म्हणाले. मानसिंग बसला. आईनं आतून चहा पाठवला. काहींनी घेतला, काही न घेता उठले.

सोपान पुढच्या रविवारी आला. लोकांनी त्याला गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं. त्यानं सांगितलं तेव्हा दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आबांनी घरातल्या कपबशीत चहा मागवला आणि पहिली बशी स्वतः सोपानच्या हातात दिली. त्यावर कुणी काही बोललं नाही. आबांच्या ओसरीवर आबांच्या विरुद्ध बोलायची पद्धत नाही.

गुंडानं विचारलं, "तुमी तरी राखता का?"

"राखतो. पण ह्ये शेअर मला राखता येत न्हाईत. आमच्या संस्थेत तुमचं येगळं मेंढरू राहत न्हाई, समद्यांच्या कळपात तुमचा वाटा ऱ्हातो. कळप वाढंल असंबी मी सांगत न्हाई. पडला तर का पडला ते सांगाय यायचं, एवडं माजं काम."

मग त्यानं एकेकाला स्वतंत्र बसवून विचारलं, पैसे कधी लागणार, कशाला लागणार. ज्याला पाच-सात वर्षं लागणार नाहीत त्याला म्हणाला, ठेवा, कारखाना बुडणार नाही. ज्याला लवकर लागणार त्याला म्हणाला, तोटा सोसून विका. गुंडानं ठेवले. हरणाबाईनं विकले. तिला कमी पडले ते तिनं ज्ञानूकडच्या शेळ्या मोडून उभे केले आणि मुलगी मिरजेला गेली.

त्यानंतर मानसिंग तिच्याकडे गेला. मी बरोबर होते. त्यानं पाकीट काढून तिच्यापुढं ठेवलं. तोट्याची रक्कम त्यात होती. हरणाबाई जात्याजवळ बसली होती, तिनं ते उचललंही नाही.

"तुजं पैसं मला कशाला? तू काय चोर हाईस?"

"काकी, तुमाला विका म्हणून सांगता येत नव्हतं मला. खरंच."

"नगं सांगूस. ते तुजं सायबाचं काम असंल. पर दिवाळीला येऊन 'काकी, मी ह्यात न्हाई, दुसऱ्या कुणाला तरी इचार' येवडं म्हणाय काय झालं हुतं? ते बी बंदी हुतं काय?"

मानसिंग उठला. पाकीट परत खिशात घातलं.

कडेगावच्या स्टँडवर बसची वाट बघताना तो म्हणाला, "आक्का, ते बंदी नव्हतं. विका म्हणणं बंदी होतं. मी ह्यात नाही म्हणणं बंदी नव्हतं. मला ते सुचलंच नाही गं. माझं काम उन्हाळ्यात संपलं होतं, मग त्यांचंही संपलं असणार, असं धरून चाललो."

 त्याचं ऐकताना मला विजयमाला आठवत होती. विजयमालाचं डोकं मानसिंगवर गेलं आहे, असं सगळे म्हणतात.

त्यानं नोकरी सोडली नाही. मला वाटलं होतं सोडेल. सोपाननं त्याला विचारलंही होतं, आमच्याकडे ये, जागा आहे. मानसिंग म्हणाला, "तिथं मी सहा महिन्यांत लोकांच्या मेंढरांना विकून मोकळा होईन." ते खरं असावं. काही माणसांचं लक्ष जमवण्यापर्यंतच टिकतं, आणि त्यांनी जमवलं नाही तर राखायला काहीच उरणार नाही. साताऱ्याचा कारखाना आज चालू आहे. नवं गिऱ्हाईक मिळालं, शेकडो माणसं पाळीत जातात, आमच्या शेजारच्या शालूबाईचा जावई तिथं फोरमन आहे. मानसिंगनं ते भांडवल उभं केलं नसतं तर तो कारखाना एवढा वाढलाच नसता. सोपानच्या हातून ते झालं नसतं. तो गंजलेला माल बघूनच परत फिरला असता.

विजयमालाला त्या दोन जागांची पत्रं आली तेव्हा मी दोघांनाही जेवायला बोलावलं. सोपानला मुंबईत काम होतं. मानसिंग आला. नुकताच गावी जाऊन आला होता.

"मामा, मी कुठं जाऊ?" विजयमालानं विचारलं.

"तुला काय आवडतं? गाठ घालायला, का नांदवायला?"

"दोन्ही."

"दोन्ही एका माणसाला एका वेळी करता येत नाही. कायद्यानंही येऊ नये, असं माझं आता मत आहे. एकाचा पगार खायचा. आणि कुणाचा खातो ते दुसऱ्याला अर्ज भरायच्या आधी सांगायचं, नंतर नाही." हे तो हसून म्हणाला. पण मग ताटाकडे बघत मला म्हणाला, "हरणाकाकीकडं गेलो होतो. पोरगी पहिल्या वर्षात पास झाली. काकीनं गूळपाणी दिलं, मुलाबाळांचं विचारलं. उसाचे पैसे आलेत म्हणाली. मी म्हणलं, कुठं ठेवणार? तर म्हणाली, सोपानला इचारलंय."

"बरंच झालं की," मी म्हणाले.

"बरंच झालं." तो थोडा वेळ आमटीत भाकरी कुस्करत राहिला. "मलाच कुणी काही विचारत नाही आता गावात. सगळे बोलतात, चहा देतात. विचारत नाहीत."

मग विजयमालानं त्याला मिरजेच्या कारखान्याचं काय झालं ते विचारलं आणि तो सांगू लागला. हमी कुणी दिली, दिल्लीत परवानगीसाठी किती खेटे घातले, शेवटच्या दोन दिवसांत अर्जांची रांग रस्त्यापर्यंत कशी गेली. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, हात हलू लागले, भाकरी तशीच राहिली. विजयमाला वाढायचं विसरून त्याच्यासमोर बसून ऐकत होती. मी आमटीचं भांडं तिच्या हातातून काढून घेतलं, तरी तिच्या लक्षात आलं नाही.